बंड्या जेवत नाही

मंडळी, या वीकांताचा विषय जरा वेगळा आहे. 'पाल' हा शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर शहारा येतो त्यांनी चहा घेऊन यावं आणि मग पुढे वाचावं. नंतर तक्रार नको.

आमच्या घरात एक सरडा आहे. रीतसर पाळलेला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या, कोरड्या भागातला. ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी विकायला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इथे अमेरिकेत जे मिळतात ते सगळे पिढ्यान्पिढ्या पेटीत जन्मलेले. आमचाही त्यातलाच. लेकीने त्याचं नाव 'स्पाइक' ठेवलं होतं. पण पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आईने "काय रे, पाल पाळलीस घरात?" असं विचारून, त्याच्याकडे जरा वेळ निरखून बघून "बंड्या दिसतोय अगदी" असा निकाल दिला आणि तेव्हापासून तो बंड्याच झाला.

तर २०२२ च्या नोव्हेंबरात बंड्याने जेवण सोडलं.

एकदम नाही सोडलं. आधी पाला खायचा बंद झाला. मग रातकिडे समोर सोडले की बघायचा, एक डोळा मिटायचा आणि मान फिरवायचा. फक्त वॅक्सवर्म नावाच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या असतात, त्या मात्र चिमट्याने समोर धरल्या की गट्टम. मी लगेच निदान करून मोकळा झालो : नखरे! लाडावलाय साहेब. रोज श्रीखंड मागतोय, पोळीभाजी नको म्हणतोय.

आणि नखरे म्हटले की उपाय काय? भूक वाढवायची पावडर.

दोन संध्याकाळी वाचन करून मी तीन डबे मागवले. एक कॅल्शियम आणि डी३ ची पावडर, एक मल्टिव्हिटॅमिन, आणि तिसरी म्हणजे मधमाश्यांनी गोळा केलेल्या परागकणांची पिवळी भुकटी. ती पाल्यावर भुरभुरली की 'अत्यंत चोखंदळ सरडेही तुटून पडतात' असं लिहिलं होतं डब्यावर. तुटून वगैरे कोणी पडलं नाही. मी मात्रा वाढवली. शेवटी शेवटी त्या रातकिड्यांची अवस्था अशी झाली होती की पिशवीतून बाहेर आले की पिठात घोळवून तळायला काढलेत असं वाटावं. पांढरेफटक, अडखळत चालणारे. बंड्या त्यांच्याकडे बघायचा आणि दगडामागे निघून जायचा. (आता विचार केला तर मीही निघून गेलो असतो. एवढी पावडर लावली की किडा किड्यासारखा दिसतही नाही आणि चवीलाही बरा लागत नसणार, हे साधं डोक्यात आलं नाही.)

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुलासुद्धा लहानपणी भूक लागायची नाही. मुरुडशेंग, वेखंड उगाळून गुटी दिली, टॉनिकच्या बाटल्या संपवल्या, काही उपयोग नाही." मग थोडं थांबून, "नंतर कळलं, शाळेच्या फाटकासमोर रोज भेळ हाणत होतास."

इथे खरं तर मला ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. आणि ट्यूबचा हा विनोद पुढे माझ्यावरच उलटणार होता.

पंधरा दिवसांत बंड्याचं वजन ४१० ग्रॅमवरून ३५५ वर आलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लेक त्याला दर रविवारी ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची. तिसऱ्या रविवारी तिने आकडा लिहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "बाबा, तो मरणार आहे का?" मी "छे गं" म्हणालो. शंकेची पाल चुकचुकणे हा वाक्प्रचार मी आजवर शंभरदा वापरला असेन. घरातली पाल काहीच आवाज करत नसताना तो खरा कळला.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. (कुत्र्यामांजरांचा प्रत्येक व्हेट सरडे बघत नाही. शोधावं लागतं, आणि आधी शोधून ठेवावं.) मी तिन्ही डबे पिशवीत घालून नेले होते, पुरावा म्हणून. बाईंनी डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा पहिला प्रश्न : "पेटीत काय काय बदललं आहे गेल्या दोन-तीन महिन्यांत?"

मंडळी, मी गेली बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये पोटापाण्याचा धंदा करतो. रात्री दोनला फोन वाजला की अर्धवट झोपेत माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं : कालपासून काय बदललं? नवीन कोणी आला की त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि घरी एक जीव बंद पडत चालला होता तेव्हा हा प्रश्न न विचारता मी तीन डबे मागवले. हापिसात एखादी टेस्ट कधी पास, कधी नापास व्हायला लागली की आपण तिला 'फ्लेकी' असं लेबल लावतो, पुन्हा चालवतो, पुन्हा चालवतो, आणि पास झाली की डोळे मिटून पुढे जातो. बंड्याला 'नखरेल' म्हणणं म्हणजे अगदी तेच. लेबल लावलं की शोध थांबतो. दोष सरड्याचा, आपण सुटलो.

तर, काय बदललं होतं? बाईंच्या समोर बसून आठवायला लागलो आणि घाम फुटला.

एक, सप्टेंबरात दिव्याचा १०० वॉटचा बल्ब गेला होता आणि दुकानात तो नव्हता म्हणून मी ७५ चा लावला होता. 'तात्पुरता'. दोन, गॅसचं बिल बघून घराचं तापमान उतरवलं होतं. तीन, त्याला 'नैसर्गिक ऊन' मिळावं म्हणून पेटी खिडकीजवळ सरकवली होती. ओहायोच्या नोव्हेंबरात खिडकीच्या काचेजवळ काय तापमान असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. चार, यूव्हीबीची ट्यूब मी शेवटची बदलली ती दीड वर्षापूर्वी. चारही बदल माझे, चारही किरकोळ, आणि एकाचीही कुठे नोंद नाही.

घरी येऊन बाईंनी सांगितल्याप्रमाणे लाल ठिपक्याची टेम्परेचर गन आणली आणि बंड्याच्या ऊन खायच्या दगडावर धरली. ३१ अंश सेल्सियस. तिथे हवेत ३८ ते ४२. काचेला चिकटवलेलं गोल काट्याचं थर्मामीटर मात्र खुशाल ३८ दाखवत होतं, कारण ते दिव्याजवळच्या काचेचं तापमान सांगत होतं. दगडाचं कोणी विचारलंच नव्हतं त्याला.

आता हे सात अंश एवढे महत्त्वाचे का? आपलं शरीर आतून स्वतःला ऊब देतं. सरड्याचं तसं नाही, तो ऊब बाहेरून घेतो. त्याच्या पोटातली पचनाची सगळी यंत्रणा एका ठरावीक तापमानाच्या वरच नीट चालते. ऊन कमी पडलं की पोट मंदावतं, खाल्लेलं आत पडून राहतं, कुजायलाही लागू शकतं. अशा वेळी न खाणं हा त्याचा नखरा नसून त्याचा शहाणपणा आहे. चूल पेटलेली नसताना तो भांड्यात तांदूळ टाकत नव्हता, इतकंच. आणि मी त्याला चमच्याने भरवायच्या तयारीत होतो! थंड पडलेल्या सरड्याला जबरदस्तीने भरवणं हे न भरवण्यापेक्षा वाईट, असं बाईंनी अगदी स्पष्ट शब्दांत सुनावलं.

मग त्या अळ्या का खात होता? भेळ. वॅक्सवर्म म्हणजे निव्वळ चरबी, मऊ, वळवळणारी, तोंडाशी आणून दिलेली. आजारी माणूससुद्धा दोन चमचे आइस्क्रीम खातो, म्हणून तो ठणठणीत आहे असं आपण म्हणत नाही.

ट्यूबची गोष्ट याहून मजेदार आहे. म्हणजे आता मजेदार वाटते. सरड्याच्या कातडीवर यूव्हीबी किरण पडले की कातडीत डी३ जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो, अंगाच्या उबेने त्याचं डी३ होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर प्रक्रिया करतात आणि मग कुठे आतड्याला अन्नातलं कॅल्शियम ओढून घेता येतं. म्हणजे कॅल्शियमची पावडर कितीही ओता, ही साखळी तुटलेली असेल तर त्यातलं बरंचसं एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. आता गंमत अशी की यूव्हीबीची ट्यूब जुनी झाली तरी दिसायला तितकीच लख्ख दिसते. उजेड तोच, पण यूव्हीबी हळूहळू संपत जातं. म्हणून ती प्रकारानुसार सहा महिन्यांनी ते वर्षाने बदलायची असते, चालू दिसत असली तरी. सर्व्हर हिरवा दिवा दाखवतोय आणि आतून एकाही विनंतीला उत्तर देत नाहीये, अशातली गत. आणि खिडकीतलं ते 'नैसर्गिक ऊन'? साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. म्हणजे खिडकीपाशी नेऊन मी बंड्याला फक्त थंडी दिली होती. हुश्श.

बाईंनी त्याचा जबडा दाबून पाहिला, पाय चाचपले, एक्स-रे काढला, शी तपासायला पाठवली. पोटात जंत थोडे होते, पण औषध देण्याइतके नाहीत. हाडं मात्र हवी त्याहून थोडी विरळ. थंडीत मोठे ड्रॅगन काही आठवडे सुस्तावतात, खाणं कमी करतात, तो प्रकार असेल का असं मी आशेने विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, त्या झोपेत निरोगी सरड्याचं वजन फारसं उतरत नाही. याचं उतरतंय, आणि हा झोपतही नाहीये.

आता माझं मत. इतका वेळ जे सांगितलं त्यावरून कोणी 'पावडरी म्हणजे सगळं थोतांड' असा अर्थ काढला तर तो माझ्याइतकाच मोठा मूर्खपणा होईल. असं म्हणणारेही खूप भेटतात. "जंगलात कोण लावतं पावडर?" हा त्यांचा हुकमी एक्का. अहो, जंगलातला सरडा दिवसभर खऱ्या उन्हात बसतो आणि शंभर प्रकारचे किडे, फुलं, पानं खातो. आपण त्याला दुकानातले एकाच जातीचे रातकिडे देतो, ज्यांच्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. खरं हवं असतं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दीडपट ते दुप्पट. हा हिशेब पावडरीशिवाय जुळत नाही. नाही जुळला तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय थरथरतात, हाडं वाकतात. आणि हो, या आजाराच्या लक्षणांत 'जेवण सोडणे' हेही आहेच. म्हणजे कॅल्शियम कमी पडून भूक गेली असेल तर कॅल्शियम दिल्याने ती परत येऊ शकते. बंड्यालाही बाईंनी कॅल्शियमचं पातळ औषध दिलंच, वजनावर मोजून, ठरावीक दिवस. फरक हा की त्यांनी ते एक्स-रे बघून दिलं, मी डब्यावरचं वाक्य वाचून दिलं होतं.

माझा आक्षेप पावडरीला नाही, तिच्याकडून भलत्या कामाची अपेक्षा करण्याला आहे. कॅल्शियम हा त्याच्या जेवणाचा भाग आहे, आपल्या मिठासारखा. मीठ टाकलं म्हणून कोणाला भूक लागत नाही. आणि 'थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं' हे तर अजिबात नाही. कातडीत तयार होणाऱ्या डी३ वर शरीराचा लगाम असतो, जादा झालं तर तिथेच थांबतं. तोंडातून गेलेल्या डी३ वर तसा लगाम नाही. ते जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, नको तिथे, रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात साचायला लागतं, आणि त्याचंही एक लक्षण ओळखा पाहू काय? भूक मरणे! म्हणजे सरडा जेवत नाही म्हणून पावडर, पावडर जास्त झाली म्हणून जेवत नाही, म्हणून आणखी पावडर. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, कमी पडलं तर डोळे सुजतात, थेट जास्त दिलं तर कातडी सोलवटते.

आणि त्या 'भूक वाढवणाऱ्या' पिवळ्या भुकटीचं म्हणाल तर तिने बंड्याचं काही बिघडवलं नाही. काही घडवलंही नाही. एक माहितीची गोष्ट सांगतो. अमेरिकेत माणसांच्या पूरक आहारासाठी १९९४ चा एक कायदा आहे. १९९६ मध्ये एफडीएने जाहीर केलं की तो जनावरांना लागू नाही. म्हणजे जनावरांसाठी 'पूरक आहार' असा वेगळा कप्पाच नाही. वस्तू एकतर अन्न, नाहीतर औषध. तरी दुकानात त्या मांडणीवर असे डबे ओळीने उभे असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक तुटून पडणारा सरडा. मी काही त्यांना लबाड म्हणत नाही. मी विकत घेत होतो तोवर ते विकत होते. खरं सांगायचं तर तो डबा मी बंड्यासाठी घेतलाच नव्हता. रात्री झोपण्यापूर्वी 'आपण काहीतरी केलं' असं वाटावं म्हणून घेतला होता. दगडाचं तापमान मोजण्यात ते समाधान नाही. मोजलं की आपली चूक सापडण्याची शक्यता असते.

दुसरी एक जमात आहे तिचंही बोलून घेतो. "उपाशी ठेव चार दिवस, खाईल गुमान." निरोगी, वजन टिकवून असलेल्या मोठ्या सरड्याला वॅक्सवर्म बंद करून साधं जेवण समोर ठेवणं ठीकच आहे, आम्हीही पुढे तेच केलं. पण ते सगळं मोजून, तपासून झाल्यावर. पिल्लाला नाही, वजन उतरत असलेल्याला तर नाहीच. आणि नवीन घरी आलेल्याला, कात टाकत असलेल्याला थोडे दिवस तसंही कमी खायचं असतं, त्याला शिस्त लावायला जाऊ नये.

असो. घरी आल्या आल्या पेटी खिडकीपासून हलवली, १०० वॉटचा बल्ब लावला, नवीन ट्यूब बसवली. अळ्या बंद. रातकिड्यांना आदल्या दिवशी चांगला पाला खायला घालायचा (ते जे खातात तेच शेवटी बंड्याच्या पोटात जातं), आणि पावडर फक्त पातळ, दिसेल न दिसेल इतकी, बाईंनी ठरवून दिलेल्या वारांनाच. पालकही बंद केला, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. (आईला हे अजून पटलेलं नाही. पालक वाईट असू शकतो हेच तिला मान्य नाही.) त्याऐवजी मोहरीचा पाला आणि कॉलर्ड ग्रीन्स.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तो दगडावर चढून, अंग चपटं करून, तोंड किंचित उघडं टाकून बसला. अंग पुरेसं तापलं की ते असे बसतात. हे दृश्य किती आठवड्यांत दिसलं नव्हतं ते तेव्हा लक्षात आलं. नवव्या दिवशी शाळेतून आल्यावर लेकीची किंकाळी ऐकून मी मीटिंग म्यूट करून धावलो. एक रातकिडा गेला होता. फक्त एक, पण आपल्या पायांनी पाठलाग करून. तिने वहीत तो रातकिडा काढला आणि त्याच्यावर फुली मारली. फेब्रुवारीत वजन ४०५ झालं.

यातली माझी पंचाईत सांगून टाकतो. लेकीने विचारलं, "नक्की कशाने बरा झाला?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार गोष्टी एकदम बदलल्या, वर बाईंचं औषध. ऊब, ट्यूब, कॅल्शियम की अळ्या बंद केल्या म्हणून? माझा अंदाज ऊब, पण तो अंदाजच. हापिसात कोणी एका वेळी पाच बदल टाकून 'चालतंय बघा' म्हणाला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आजारी जिवावर एकेक बदल करून आठवडा आठवडा थांबत बसायची माझी छाती नव्हती, आणि पुन्हा वेळ आली तरी मी पाचही एकदम करेन.

आता पेटीच्या झाकणावर चिकटपट्टी आहे. त्यावर लेकीच्या अक्षरात ट्यूब बसवल्याची तारीख, बल्बचा वॉट, आणि खाली 'बाबा, हात लावू नका' असं मराठीत. पिवळ्या भुकटीचा डबा अजून फडताळात आहे, फेकवत नाही, महाग होता. आजच्या रविवारी वजन ४३२. मोहरीचा पाला संपवला, भोपळ्याच्या फोडी मात्र एकेक करून वाडग्याबाहेर काढून टाकल्या. दगड ४० अंश आहे, बघून आलो आत्ताच. म्हणजे हे मात्र खरोखर नखरे.